अकोला लाइनवरचा पिंट्या

काळीपिवळीच्या स्टँडवर गाडी भरायला वेळ लागतो, किस्से भरायला लागत नाही. शेवटची सीट मिळेपर्यंत ड्रायव्हरने करायचं तरी काय? चहा किती पिणार, सुपारी-तंबाखूचा खर्रा किती घोटणार? मग कोणीतरी सुरू होतं, "काल काय झालं मालूम हाय का..." आणि गाडी भरली तरी किस्सा संपत नाही. आतून पॅसेंजर ओरडतात आणि ड्रायव्हर बाहेरून म्हणतो, "थांबा ना बापा, आता तर खरी गंमत हाय!"

आमच्या अमरावती–अकोला लाइनवर असे ढीगभर किस्से आहेत. त्यातले निम्मे एका मुंगसाचे आहेत.

मुंगसाचं नाव पिंट्या. लाल टोपी घालतो आणि तळहातात मावेल एवढ्या खेळाच्या मशीनमध्ये राहतो. मशीन माझ्या दादाचं. दादा, म्हणजे लाइनवरचा संजूभाऊ, पोळ्याच्या आधी तापाने गेला. त्याची गाडी आता मी चालवतो आणि मशीन माझ्या खिशात असतं. पण घाबरू नका, मी रडगाणं गाणार नाही. रडायला आमच्या घरी पाहुण्यांची कमी नाही. काही तर इतके छान रडतात की जाताना डबा भरून द्यावा लागतो.

* * *

मशीन दादाने अकोल्याच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून जुनं घेतलं. आत एकच गेम होता आणि त्यात सगळं इंग्रजी. मी आठवीतून उठलेलो, दादा दहावीतून. कोणतं बटण कशाचं, हे आम्ही दाबून दाबून शिकलो.

खेळ साधा. पिंट्याने उड्या मारत डावीकडून उजवीकडे जायचं. वाटेत खड्डे, काटे, वरून पडणारे धोंडे. प्रत्येक लेव्हलला दोन झेंडे. वेळेत पोचलं तर लाल झेंडा. भिंतींच्या मागे, धबधब्यांच्या आड लपवलेले सगळे निळे मणी गोळा केले तर निळा झेंडा. पळालं तर मणी राहतात, मणी शोधले तर वेळ जातो. त्यामुळे शहाणा माणूस एका खेपेत लाल घेतो, दुसऱ्या खेपेत निळा.

शेवटच्या लेव्हलला मात्र ही सोय नाही. तिथलं दार उघडायला सगळे मणी पण पाहिजेत आणि वेळेत पण पोचलं पाहिजे, एकाच खेपेत.

दुकानदाराने हे सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "म्हंजे गाडी फुल भरायची अन् टायमावर बी पोचवायची. आमी तेच तर करून राहिलो बापा रोज!"

दुकानदार म्हणाला, "भाऊ, तुमी रोज लेटच पोचता."

* * *

दादाने मशीन स्टँडवर आणलं आणि लाइनचा सत्यानाश झाला. सगळ्यांनाच खेळायचं होतं. खेळ जिथवर आला तिथवर जपून ठेवायला मशीनमध्ये दोन फाईली होत्या. मग त्याने पहिली फाईल स्वतःची ठेवली आणि दुसरी सगळ्या लाइनला दिली. नियम असा की ज्याचा नंबर लागला, त्याने गाडी भरेपर्यंत खेळायचं. गाडी भरली की मशीन सोबत न्यायचं आणि पलीकडच्या स्टँडवर नंबराला उभा असेल त्याच्या हातात द्यायचं.

इथे घोळ झाला. अमरावतीला गाडी भराभर भरते. एक लेव्हल होते न होते तोच आमचा गजू ओरडतो, "झाली बे फुल, काढ!" गजू म्हणजे स्टँडचा एजंट, नंबर लावणारा, पॅसेंजर बसवणारा आणि न विचारता सल्ला देणारा. त्यामुळे अमरावतीवाले नुसते पळायला शिकले. अकोल्याला आमच्या स्टँडच्या समोरच एसटी लागते, त्यामुळे आमची गाडी भरता भरत नाही. ते लोक एकेका भिंतीला पिंट्याचं डोकं आपटून आपटून मणी शोधायला शिकले.

आणि फाईल एकच! अकोल्याने सकाळभर खपून अर्धी गुहा धुंडाळायची, आणि मशीन अमरावतीला आलं की आमच्या अस्लमभाईने तीच गुहा चहा निवायच्या आत पार करून पुढची लेव्हल उघडून द्यायची.

अकोल्याहून निरोप आला, "तुमाले काय पोलीस लागले काय मागं?"

अस्लमभाईने उलटा निरोप पाठवला, "तुम लोग गेम खेलते के घर की दीवार पोतते?"

हे भांडण दादाने मिटवलं. त्याने ठरवून दिलं की अमरावतीहून मशीन निघायच्या आधी नवी लेव्हल नुसती पळत पार करायची, लाल झेंडा घ्यायचा. अकोल्याहून परतायच्या आधी तीच लेव्हल पुन्हा लावायची आणि निळा घ्यायचा. जाताना पळा, येताना शोधा. लाइनवर तंटा मिटवणारे बरेच होऊन गेले, पण सगळ्यांनी ऐकलेला हा एकच निवाडा. तोही एका मुंगसाचा.

* * *

अस्लमभाईचं पळणं मशीनपुरतं नव्हतं. एकदा बडनेऱ्याला एक माणूस "दोन मिनिटं" म्हणून पाण्याची बाटली घ्यायला उतरला. अस्लमभाईने सवयीने आरशात पाहिलं, त्यांना सगळं भरलेलं दिसलं, गाडी काढली. मूर्तिजापूरला पोचल्यावर मागच्या सीटवरची बाई शांतपणे म्हणाली, "भाऊ, आमचे हे बडनेऱ्याले राहिले."

अस्लमभाईच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो ताई, तवाच सांगायचं ना!"

बाईने पदर सारखा केला. "तुमी इतकी मस्त चालवून राहिले होते, म्हटलं काहून थांबवा!"

* * *

याच्या उलट वानखडे काका. अकोला स्टँडचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. खांद्यावर दुपट्टा, डोळ्यावर जाड चष्मा आणि हातात मशीन आलं की जगाशी संबंध तुटला. काकांचं म्हणणं असं की ज्याने खेळ बनवला तो माणूस कंजूष नाही, त्याने प्रत्येक भिंतीच्या मागे काही ना काही ठेवलंच असणार. म्हणून ते प्रत्येक भिंतीवर उडी मारून बघत. आणि मणी त्यांनाच सापडत, हे मान्य करावं लागेल.

एका दुपारी काकांची गाडी भरली. काका एका धबधब्याच्या आड शिरलेले. पॅसेंजर म्हणाले, "काका, चला." काका म्हणाले, "आलोच." पॅसेंजर म्हणाले, "अहो काका!" काका म्हणाले, "निंघालोच." तेवढ्यात समोर एसटी लागली. एकेक करून सगळे उतरले आणि एसटीत जाऊन बसले. काकांना मणी सापडला. त्यांनी खुशीत मशीन खिशात टाकलं, स्टिअरिंगवर बसले, मागे न बघता "बसले ना सगळे?" असं विचारलं आणि गाडी काढली.

बोरगाव मंजू गेलं तेव्हा त्यांना शंका आली, कारण कोणीच म्हटलं नाही की जरा थांबवा.

"मंग तुमाले आधी समजलं कसं नाही?" आम्ही विचारलं.

"मले वाटलं, आज माह्या गाडीत पहिल्यांदाच समजदार लोकं बसले!"

* * *

दादा ताप अंगावर काढत होता. "उतरते बे," म्हणायचा, आणि नंबर लावायचा. उतरला नाही, तेव्हा भरती केलं. मशीन घेतल्याशिवाय तो घरातून हलला नाही. त्याच्या फाईलमध्ये सगळ्या लेव्हलचे लाल-निळे झेंडे लागले होते आणि पिंट्या शेवटच्या लेव्हलच्या तोंडाशी उभा होता.

दवाखान्यात सलाइन लागली ती नेमकी उजव्या हाताला. उडीचं बटण उजव्या अंगठ्याचं! दादाने शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला पटवलं. म्हातारा धारणीकडचा. दादाने त्याला समजावलं, "बाबा, मी डाव्या हातानं पळवतो. मी उडी म्हटलं का तुमी हे बटण दाबजा."

म्हातारा एकदम तयार. पण त्याला भारी उत्साह. दादा नुसता "उ" म्हणायच्या आत तो बटण दाबायचा, आणि "उडी!" म्हटलं की विचारायचा, "आता मारू?" तोपर्यंत पिंट्या खड्ड्यात. मग म्हातारा खड्ड्याकडे बघून हळहळायचा, "पाय घसरला बिचाऱ्याचा!"

दादाला हसून हसून ठसका लागला. नर्सबाई आल्या आणि दोघांना झापून गेल्या. मला ते बघवेना. मी म्हटलं, "दे इकडं. एका मिनिटात पार करून देतो."

"राहू दे," दादा म्हणाला. "तू पोचतं बे, पण पाहत काहीच नाही. मी घरी आलो का करतो."

मशीन बंद करून त्याने उशीखाली ठेवलं. त्याच आठवड्यात मी ते उशीखालून काढलं.

* * *

दादा गेल्यावर आमच्याकडे डॉक्टर बरेच आले. सगळे नात्यातले. एकाने सांगितलं, नारळपाणी पाजलं असतं तर वाचला असता. दुसऱ्याने सांगितलं, नारळपाणी पाजलं म्हणूनच गेला. मामाने सगळ्यांवर मात केली. तो गादीवर मांडी घालून बसला आणि मशीन हातात फिरवत म्हणाला, "याचा उजेड डोळ्यातून सरळ मेंदूत जाते. मंग ताप उतरत नाही."

आई आत स्वयंपाकघरात ऐकत होती, म्हणून मी गप्प बसलो. मामा संध्याकाळपर्यंत बसला आणि सगळा वेळ मोबाइलवर रील बघत होता. मी जाताना विचारलं, "मामा, डोकं बरं हाय ना? ताप-बीप?"

तेव्हापासून मामा माझ्याशी बोलत नाही. दादा जाण्याचा एवढाच एक फायदा झाला.

* * *

पण दहाव्याला मामाला बोलावं लागलं. नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळा होता, समोरच्या बाभळीवर बसलेला, पण पिंडाकडे ढुंकून बघत नव्हता. ऊन चढत चाललं. सगळ्यांची कुजबुज सुरू झाली की कशात तरी जीव अडकला आहे, शब्द द्या.

मामा पुढे झाला. हात जोडून म्हणाला, "संजू, काळजी करू नको. बंटीचं लग्न मी लावून देतो."

बंटी म्हणजे मी. कावळा उडाला आणि आणखी लांबच्या झाडावर जाऊन बसला.

वानखडे काका म्हणाले, "संजूभाऊ, तुह्या मायले काई कमी पडू देणार नाही." कावळ्याने मान वळवली, बस. गजू म्हणाला, "भाऊ, तुह्या नंबरात कोणाले घुसू देत नाही." कावळा चोच पुसत बसला. स्टँडवरही गजूचा शब्द कोणी धरत नाही, कावळा काय धरणार!

माझं डोकं फिरलं. भाऊ माझा, तो अडकून पडलाय आणि हे लोक बोली लावल्यासारखे एकेक बोलतायत! मी ओरडलो, "दादा! तुही शेवटची लेव्हल मी पार करतो! एकबी मणी सोडत नाही! नुसता पळत नाही!"

कावळा आला. सरळ, कोणाकडे न बघता. पिंडाला शिवला.

सगळ्यांनी हात जोडले. मामा तेवढा कपाळाला हात लावून म्हणाला, "याले मेल्यावर बी गेमच पाह्यजे!"

* * *

शब्द तर देऊन बसलो. घरी आल्यावर अस्लमभाईने आठवण करून दिली. दुकानदाराने दादाला आणखी एक गोष्ट सांगितली होती. त्या शेवटच्या दारातून पिंट्या आत गेला की गेम संपतो, बनवणाऱ्यांची नावं येतात आणि फाईल कोरी होते. पिंट्या पुन्हा पहिल्या लेव्हलला, एक झेंडा नाही, एक मणी नाही.

म्हणजे लेव्हल पार केली तर दादाने खेळलेलं सगळं पुसलं जाणार, आणि नाही केली तर नदीवर दिलेला शब्द खोटा पडणार. हे मला दहाव्याच्या आधी आठवलं असतं तर मी कावळ्याला दुसरं काही सांगितलं असतं. पण मी आधी बोलतो आणि मग मला आठवतं. घरचे म्हणतात, लहानपणापासून असाच आहे.

अस्लमभाई म्हणाले, "छोटे, कव्वे को क्या मालूम फाइल क्या होती है? छोड दे."

मी म्हटलं, "कव्व्याले नाही, पण दादाले मालूम हाय ना."

त्यावर अस्लमभाईंनी स्वतःच्या पैशाने टपरीवरून चहा मागवला, आणि हा स्वतःच एक किस्सा आहे.

* * *

मग मी मशीन कोणाला देईनासा झालो. लाइनची दुसरी फाईल खेळायची असेल तर माझ्यासमोर खेळायची, पहिलीला हात लावायचा नाही. दोन्ही स्टँडवर लोक माझ्यावर हसायला लागले. कोणी पहिल्या फाईलला म्हणे गाभारा, कोणी म्हणे, चप्पल काढून खेळा रे.

एक दिवस मी टायरमध्ये हवा भरायला गेलो आणि मशीन सीटवर राहिलं. परत येतो तर गजू हातात घेऊन बसलेला. पहिली फाईल उघडलेली. पिंट्या त्या शेवटच्या लेव्हलमध्ये पळतोय, आणि मी बघत असतानाच तो पहिल्याच खड्ड्यात गेला. तो खड्डा कोणालाही दिसतो. गजूला दिसला नाही.

मी गजूची कॉलर धरून त्याला गाडीबाहेर ओढला. एक लावली. पॅसेंजर मध्ये पडले. मी ओरडत होतो, "मारला ना लेका! मारून टाकला ना तू त्याले!"

गजू गाल चोळत म्हणाला, "काहून बोंबलून राहिला बे? मेला नाही तो. तो पाह्य, उभा हाय. तो परत येते..."

आणि बोलता बोलता आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच समजलं. मग हळूच म्हणाला, "गेममधे येते, म्हंतो मी."

त्या दिवशी माझी गाडी गजूनेच भरून दिली. एका सीटवर दोन-दोन माणसं कोंबून. त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

* * *

शेवटी हे काम वानखडे काकांनी हातात घेतलं. दुसऱ्या फाईलमध्ये लाइन शेवटच्या लेव्हलपर्यंत पोचली होती. पहिलीला हात लावणार नाही असा शब्द देऊन काकांनी माझ्याकडून मशीन मागून नेलं आणि तिथे डेरा टाकला. वेळ बघायचीच नाही, नुसते मणी शोधायचे. कोणत्या खांबाच्या मागे, कोणत्या छतात, कोणत्या खोट्या भिंतीत, सगळं त्यांनी धुंडाळून ठेवलं. एसटीवाले त्या दिवसांत काकांना हात करून नमस्कार करत, इतके पॅसेंजर त्यांनी त्यांना दिले.

एके दिवशी काकांचा फोन आला. "बंटी, सगळे मणी सापडले. पण वेळेत पोचणं माह्या बापाच्यानं होत नाही. बोटं तुही पाह्यजेत."

"डोळे तुमचे पाह्यजेत, काका."

"मंग ये मूर्तिजापूरले."

मूर्तिजापूर मध्ये पडतं. ते अकोल्याहून निघाले, मी अमरावतीहून. दोघांच्याही गाड्या भरलेल्या! रिकामी गाडी घेऊन जाण्याइतके वेडे आम्ही अजून झालो नव्हतो. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीजवळ दोन्ही गाड्या शेजारी लावल्या. काका मशीन घेऊन उतरले आणि माझ्या शेजारच्या सीटवरच्या पॅसेंजरला सरकवून बसले. मी पहिली फाईल उघडली.

माझ्या गाडीत एक गृहस्थ होते. डोक्यावर कडक टोपी, मांडीवर पेढ्याचा डबा. मुलासाठी मुलगी बघायला अकोल्याला चाललेले. निघाल्यापासून ते घड्याळ बघत होते. म्हणाले, "गाडी काहून थांबवली? लोकं वाट पाहून राहिले आमची!"

काका मागे न बघता म्हणाले, "एक अडकलेला माणूस सोडवून राहिलो भाऊ. जराक दम धरा."

"कुठी हाय माणूस?"

काकांनी मशीनकडे बोट दाखवलं. गृहस्थ वाकून बघायला लागले.

मी पिंट्याला सोडला. काका बाजूने सांगत होते, "पळ... पळ... थांब, वर. छतात मार डोकं. निंघाला. आता डावीकडं, खांबामागं. घे. पळ बे, आता पळ!" ते म्हणत तिथे मी थांबत होतो आणि ते म्हणत तेव्हा पळत होतो. असा मी जन्मात खेळलो नव्हतो. तोवर दोन्ही गाड्यांचे पॅसेंजर उतरून खिडक्यांशी जमा झाले. कोणाला काही कळत नव्हतं, पण सल्ला सगळेच देत होते. पेरूची टोपली घेतलेली एक बाई सारखी म्हणत होती, "खाली पाह्य बापा, खाली काटे हायेत!" पिंट्याने उडी मारली की टपरीवाला पण जागेवर उडी मारायचा. टोपीवाले गृहस्थ तर माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून ओरडत होते, "टाइम कमी हाय! पळव ना राजा!"

शेवटचा मणी एका खोट्या भिंतीत होता. काका म्हणाले, "आत शीर. दिसत नाही, पण हाय तिथं." मी शिरलो. मणी मिळाला. बाहेर पडलो, पळालो, आणि समोर ते दार. वर घड्याळात थोडा वेळ अजून शिल्लक होता. दार आपोआप उघडलं. आत पांढरा उजेड.

दोन्ही गाड्यांनी टाळ्या वाजवल्या.

काका म्हणाले, "जा."

माझा अंगठा बटणावरून उचलला गेला.

"जा ना बे! टाइम चालून राहिला! दार लागते ना!"

मी हललो नाही. पिंट्या उघड्या दारासमोर उभा. वर घड्याळ पळत होतं. आणि मग पिंट्याने काय करावं! त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, टोपी काढली, खाली बसला. कुठून तरी एक पोळी काढली आणि दाराकडे पाठ करून सावकाश खायला लागला.

मी म्हटलं, "काका, हे काय करून राहिला तो?"

काका माझ्याकडे बघतच राहिले. "तुले मालूम नाही? त्याले उभा ठेवला का तो बसतेच ना बापा. तुह्या भावाच्या हातात तर रोज बसे."

पेरूवाल्या बाईने टोपली खाली ठेवली. मागून दुसऱ्या गाडीतलं कोणीतरी ओरडलं, "चला ना हो आता! कवा निंघता?"

टोपीवाले गृहस्थ तिकडे वळले. पेढ्याचा डबा त्यांनी काखेत धरला आणि जोरात म्हणाले, "थांबा ना हो! जेवू द्या त्याले आधी!"